पुलावरचं गवत

"दगडं दिसंनात," आबा फोनवर म्हणाले. "पुलावर पाणी आलंय. तू फाट्यावरच थांब."

मी हौसामावशीच्या हॉटेलात पत्र्याखाली उभी होते. एक हातमोजा काढून काखेत धरला होता. पत्र्यावर पाऊस एवढा वाजत होता की फोन कानात रुतवावा लागत होता.

"कधी आलं पाणी?"

"आत्ताच. वरनं लोंढा आला."

"आणि सभा?"

"सभा कुठं पळून जाती? पाणी उतरलं की मीच फोन करतो. तोवर हलू नकोस. कोरडी हाईस न्हवं?"

"आहे की."

"मग कोरडीच रहा," आबा म्हणाले. मागून कुणीतरी माइक तपासत होतं, हॅलो, हॅलो. मग फोन बंद झाला.

देवघोळला, म्हणजे आमच्या गावाला जायचं तर फाट्यापासून पुढं घाट, घाट उतरला की ओढा, आणि ओढ्यावर तो ठेंगणा पूल. त्याला कठडे नाहीत. दोन्ही कडांना चुना फासलेले दगड रोवलेत, तेवढाच आधार. पावसाळ्यात गावात कुणी कुणाला पूल चालू आहे का असं विचारत नाही. दगडं दिसतात का, असं विचारतात.

मला गाडी आबांनी शिकवली. ते पशुवैद्यकीय दवाखान्यात पर्यवेक्षक होते, पण सगळा तालुका त्यांना डॉक्टर म्हणायचा. लशींचा डबा मागं बांधून त्यांनी या भागातले सगळे पावसाळे गाडीवर काढले. मी भूगर्भशास्त्र शिकायला कोल्हापूरला गेले तेव्हा त्यांनी स्वतःची जुनी गाडी मला दिली, आणि गाडीबरोबर पाऊसही शिकवला. पायमोज्यावर प्लॅस्टिकची पिशवी, मग बूट. रेनकोटची पँट बुटाच्या आत खोचायची नाही, बाहेर सोडायची, नाहीतर बुटाची बादली होते. हेल्मेटच्या काचेला आतून कोरडा साबण चोळून पुसायचा, म्हणजे वाफ धरत नाही. रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यावर चाक घालायचं नाही. शेतातून आलेल्या ट्रॅक्टरनं चिखल सांडलेला दिसला की ब्रेक चिखलाच्या आधी दाबायचा, चिखलात नाही.

मी सगळ्याला 'का?' विचारायची. साबणानं वाफ का धरत नाही? पट्टा का घसरतो? आबा सांगायचे, आणि माहीत नसलं तर, "ते तू शिकून ये आणि मला सांग," म्हणायचे.

एकाच नियमाला त्यांनी 'का?' विचारू दिलं नव्हतं. तो पुलाचा नियम.

"पुलाजवळ कुणी 'जा' म्हणालं," ते म्हणायचे, "तर ऐकायचं न्हाई. उतरायचं, बघायचं, मग ठरवायचं. पण कुणी 'थांब' म्हणालं, तर बघाय पण जायचं न्हाई. हाईस तिथं थांबायचं. शेंबडं पोरगं म्हणालं तरी."

म्हणून मी थांबले.

छातीशी, रेनकोटाच्या आत, जाकिटाच्याही आत, दोन बाटल्या होत्या. त्या दिवशी पंधरा ऑगस्ट होता, झेंडावंदनानंतर शाळेत गावसभा होती, आणि सभेपुढं एकच मोठा विषय होता. गावाच्या डोक्यावरचा सडा खडी क्रशरला द्यायचा की नाही. सडा म्हणजे आमच्याकडचं कातळाचं पठार. क्रशरवाल्यांचं म्हणणं, नुसता दगड तर आहे, त्याचा गावाला काय उपयोग? माझं म्हणणं, गावातला बारमाही झरा त्या दगडातूनच येतो.

म्हणणं पुरेसं नव्हतं, म्हणून जुलैत मी सड्यावरच्या एका भेगेत रंग ओतला होता. पाण्याच्या वाटा शोधायला हा रंग वापरतात. तो कुणाला बाधत नाही, आणि पाण्यात इतका पातळ होतो की साध्या डोळ्यांना दिसतही नाही. पण निळ्या टॉर्चचा उजेड पडला की काजव्यासारखा हिरवा पेटतो. त्यानंतर आबा रोज सकाळी झऱ्यावर बाटली भरून ठेवायचे. आठवड्याच्या आतच एका बाटलीतलं पाणी पेटलं.

त्या संध्याकाळी आबांनी घरातले सगळे दिवे बंद करून ती बाटली पुन्हा पुन्हा बघितली होती. "आयला," ते म्हणाले होते, "म्हणजे सडा फोडला तर झराच फोडला की गं." आणि मग त्यांनीच बेत केला. मी सभेत दोन्ही बाटल्या ठेवायच्या, रंग ओतण्याआधीची आणि नंतरची. शाळेच्या खिडक्या लावायच्या. टॉर्च लावायचा. आणि आबांनी उठून सांगायचं, हे पाणी मी माझ्या हातानं भरलंय. "तुझं शिक्षण खरं," ते म्हणाले, "पण गाव तुला अजून परकरातली वैजूच समजतंय. माझं ऐकतील."

ते खरंच होतं. गाव त्यांचंच ऐकायचं.

"डॉक्टरांची पोरगी न्हवं तू?" हौसामावशी कढईत जिलबीचं वेटोळं सोडत म्हणाली. आमच्याकडं पंधरा ऑगस्ट म्हणजे आधी झेंडा आणि मग जिलबी. काही लोकांचं आधी जिलबी. "गाडीवर बसलीस की बाप्या वाटतीस."

"आणि उतरल्यावर?"

"उतरल्यावर भिजलेलं मांजार."

"मी भिजले नाही, मावशी. हे बघा." मी रेनकोटची बाही मागं सारून शर्टाची बाही दाखवली.

तिनं पिठाच्या हातानंच ती चाचपली. "आगं बया! माझं तर या पत्र्याखाली उभं राहून लुगडं वलं झालंय. कुणी शिकवलं?"

"आबांनी."

"मग बरोबर. त्यो माणूस एकदा माझ्या म्हशीला बघाय रात्रीचा पुरातनं आला हुता. आणि वर मलाच म्हणतोय, मावशी, टॉवेल नको, मी कोरडाच हाय." ती हसली. "खा जिलबी. पाणी उतरंल."

मी जिलबी खाल्ली. चहा प्याले. पुन्हा चहा प्याले. फोन वाजला नाही. मी लावून बघितला, लागला नाही. गावात रेंज फक्त शाळेच्या पायऱ्यांवर यायची, त्यामुळं त्याचंही मला काही वाटलं नाही. ते पुलावर जाऊन पाणी बघत असतील, असंच वाटलं. या पावसात, माझ्यासाठी.

मग घाटातून दुधाचा टेम्पो वर आला. ड्रायव्हर उडी मारून पत्र्याखाली शिरला आणि डोकं झटकून म्हणाला, "मावशे, कडक."

"कुठून आलात?" मी विचारलं.

"देवघोळातनं. आज दूध उशिरा घातलं लोकांनी. सभा हाय न्हवं."

"म्हणजे पाणी उतरलं?"

"कसलं पाणी?"

"पुलावरचं."

तो माझ्याकडं बघत राहिला. "पुलावर कुठलं पाणी, बाई? मी सकाळी गेलो आणि आत्ता आलो. दोन्ही टायमाला मोकळा व्हता."

"मधल्या वेळात आलं असेल. लोंढा आला होता म्हणे."

"आसंल," तो कप घेत म्हणाला. "मी काय पुलावर बसून व्हतो?"

मी हेल्मेट चढवलं. हौसामावशी मागून ओरडली, "फोन आला व्हय गं?" मी नाही म्हटलं, पण ते हेल्मेटमध्येच राहिलं.

घाट उतरताना मी स्वतःला पुन्हा पुन्हा बजावत होते की लोंढे येतात आणि जातात. सड्यावर ढग फुटला तर ओढा चढायला वेळ लागत नाही आणि उतरायलाही फार लागत नाही. हे मी पुस्तकातही वाचलं होतं आणि डोळ्यांनीही बघितलं होतं. टेम्पो गेला, लोंढा आला, आबांनी फोन केला, लोंढा उतरला, टेम्पो आला. अशक्य काहीच नव्हतं. प्रत्येक वळणावर मी हे पुन्हा जुळवत होते, आणि ते प्रत्येक वेळी जुळत होतं.

पुलापाशी मी गाडी स्टँडला लावली आणि उतरले.

पाणी गढूळ होतं, जोरात होतं, पण पुलाच्या खालून चाललं होतं. चुन्याचे सगळे दगड दिसत होते. दोन दगडांच्या मध्ये कोळ्यानं जाळं विणलेलं होतं आणि त्यावर पावसाचे थेंब अडकले होते. पुलाच्या मधोमध सकाळच्या गुरांचं शेण पडलं होतं. पावसानं ते पसरलं होतं, पण होतं तिथंच होतं.

आणि गवत. पुलाच्या कडेला, सिमेंटच्या फटींतून गवत उगवतं. पुलावरून पाणी गेलं की ते आडवं होतं, सगळं एकाच दिशेला, विंचरल्यासारखं, आणि त्याच्या बुडाशी काटक्या-पाचोळा अडकून राहतो. पाणी उतरलं तरी ते लगेच उठत नाही. एक-दोन दिवस तसंच झोपलेलं राहतं. ते बघून गावातली माणसं सांगतात, काल पूल बुडाला होता.

मी गुडघ्यावर बसले. हाताने गवत चाचपलं. एका बाजूचं बघितलं, मग पलीकडं जाऊन दुसऱ्या बाजूचं. एकही पातं आडवं नव्हतं.

पाण्यातून गाडी काढल्यावर ब्रेक हलके दाबत दाबत सुकवायचे असतात, नाहीतर पुढच्या उतारावर लागत नाहीत. पूल ओलांडल्यावर माझा पाय सवयीनं ब्रेकवर गेला. सुकवण्यासारखं काही नव्हतं.

शाळेत पोचले तेव्हा माणसं बाहेर पडत होती. छत्र्या उघडत होत्या. प्रत्येकाच्या हातात कागदात गुंडाळलेली जिलबी होती. दारातच सटुप्पा नाईक उभे होते. पंचायतीचे मेंबर, आणि क्रशरसाठी सगळ्यांत जास्त खटपट करणारे तेच.

"आलीस व्हय वैजू?" ते म्हणाले. आवाजात साखर होती. "ह्या असल्या पावसात? जपून यायचं गं बाळ. एकटी असतीस."

मी त्यांना उत्तर दिलं नाही. शेजारच्या पारूकाकी समोरून आल्या, त्यांना विचारलं, "सभा झाली?"

"झाली की. लवकरच उरकली." त्या माझ्या नजरेला नजर देईनात. "आम्ही गप बसलो हुतो, बघ. तू येणार म्हणून वाट बघत हुतो. पण सड्याचा विषय निघाला आणि डॉक्टरांनीच पहिला हात वर केला. मग काय, आम्ही पण केला. म्हटलं, त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळतंय."

"कशाच्या बाजूनं?"

"आता कशाच्या म्हणजे? क्रशरच्या."

आबा व्हरांड्याच्या टोकाला पायरीवर उभे होते. फोन हातात होता. शाळेच्या पायऱ्यांवरून झेंड्याचा खांब दिसतो, देऊळ दिसतं, आमच्या घराचं छप्पर दिसतं. पूल दिसत नाही. फोनवर ऐकलेला तो हॅलो, हॅलो माइक माझ्यासमोर टेबलावर होता.

मी जवळ गेले. त्यांनी नेहमी करायचे तेच केलं. माझ्या रेनकोटच्या कॉलरमधून दोन बोटं आत घालून शर्ट चाचपला.

"आतनं भिजली न्हाईस न्हवं?"

"पूल कोरडा होता, आबा."

"उतरलं असंल पाणी."

"गवत उभं आहे."

त्यांची बोटं कॉलरमध्येच थांबली. मग त्यांनी हात काढून घेतला. गवताचं मला त्यांनीच शिकवलं होतं. मी तिसरीत असताना, त्याच पुलावर, माझं बोट धरून.

पारूकाकी लांब निघून गेल्या. मेंबर अजून दारातच होते, कुणाशी तरी हसत बोलत होते, पण तोंड आमच्याकडं होतं.

"आत चल," आबा म्हणाले. आम्ही रिकाम्या वर्गात गेलो. फळ्यावर तिरंगा काढलेला होता. त्यांनी दार लोटलं, पण खुर्चीत बसले नाहीत, मुलांच्या बाकाला टेकून उभे राहिले.

"काल मेंबर घरी आलता," ते म्हणाले. "चहा पिला. इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, डॉक्टर, वैजू दर आठवड्याला घाटातनं एकटीच येती म्हणं. पावसाचे दिवस हाईत, गाडी घसराय काय लागतं? जपाय सांगा."

"सगळेच म्हणतात जपून ये. तुम्हीही म्हणता."

"एकदा म्हणाला असता तर मी पण काळजीच समजलो असतो. चहा पिताना म्हणाला. उठताना म्हणाला. आणि फाटकापाशी गेल्यावर परत मागं वळला. म्हणाला, जपा बरं का पोरीला. हसून म्हणाला."

बाहेर कुणीतरी माइकची वायर गुंडाळत होतं.

"मला सांगायचं," मी म्हणाले.

"सांगितलं असतं तर आली नसतीस?"

"आले असते."

"मग?"

"मग मी ठरवलं असतं. एकटी आले नसते. कुणाला तरी बरोबर घेतलं असतं. एसटीनं आले असते. घाट चालत उतरले असते. मला विचारायचं होतं, आबा. तुम्ही मला गाडी दिलीत तेव्हा ठरवायचं कसं तेच तर शिकवलंत."

ते बाकावरचा शाईचा डाग अंगठ्यानं घासत राहिले.

"बरं, मला थांबवलंत. बापाची भीती. मी समजू शकते. पण हात? हात का वर केलात? खाली ठेवला असता. नुसते गप्प बसला असता."

आबांनी माझ्याकडं बघितलं. त्या दिवसात पहिल्यांदाच सरळ बघितलं.

"खाली ठेवला असता," ते म्हणाले, "तर तू पुढच्या सभेला आली असतीस."

मी जाकिटाची चेन उघडली आणि दोन्ही बाटल्या बाकावर ठेवल्या. त्या अंगाच्या उबेनं कोमट झाल्या होत्या. बाहेरून एकसारख्याच दिसत होत्या, दोन्हींत साधं पाणी. नंतरच्या बाटलीवर आबांच्या अक्षरात तारीख लिहिलेली चिठ्ठी होती, आणि चिठ्ठीच्या कोपऱ्यालाही पाणी लागलं नव्हतं.

टॉर्च माझ्या खिशात होता. खिडक्या बंद करून, बाहेरच्या माणसांना आत बोलावून मी तो अजूनही लावू शकले असते. हिरवा उजेड पडला असता. बायका आगं बया म्हणाल्या असत्या. आणि मग कुणीतरी विचारलं असतंच, हे पाणी भरलं कुणी? आणि ज्यांनी भरलं ते माझ्यासमोर उभे होते.

"थांब म्हटल्यावर बघायला जायचं नाही," मी म्हणाले. "शेंबडं पोरगं म्हणालं तरी. हे तुम्हीच सांगितलं होतं ना?"

"व्हय."

"तेच वापरलंत."

आबांनी खिशातून कागदाची पुडी काढली. पावसाच्या ओलीनं जिलबीचा पाक कागदाला चिकटला होता. "तुझ्यासाठी ठेवली हुती," ते म्हणाले, आणि मग त्यांनाच काय वाटलं कुणास ठाऊक, ती पुडी त्यांनी परत खिशात घातली.

मी नंतरची बाटली उचलली आणि निघाले. आधीची तिथंच राहिली. घरी आई वाट बघत असेल हे मला माहीत होतं, तरी मी गावात शिरले नाही. गाडी वळवताना आबा पायरीपर्यंत आले. त्यांनी तोंड उघडलं. 'जप' एवढंच ऐकू आलं. उरलेला शब्द त्यांनी गिळला.

क्रशर दिवाळीनंतर सुरू झाला. पुढच्या शिमग्यात झऱ्याची धार करंगळीएवढी झाली आणि त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात गावात टँकर आला. पारूकाकींनी मला फोनवर ते सांगितलं तेव्हा त्या कुणाला दोष देत नव्हत्या, नुसतं सांगत होत्या. आबांनी त्यातलं काहीच कधी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. आम्ही बोलतो. आईच्या गुडघ्यांविषयी बोलतो, गाडीच्या ऑइलविषयी बोलतो. ती बाटली माझ्या कपाटात काळ्या कागदात गुंडाळलेली आहे, कारण उजेडात हा रंग विरत जातो. अजून टॉर्च लावला की पेटते.

त्यानंतर कितीतरी पावसाळे गेले. गेल्या श्रावणात आईला बघायला मी गावी निघाले होते. फाट्यावर हौसामावशीचं हॉटेल आता तिची सून चालवते. तिथंच फोन आला.

"दगडं दिसंनात," आबा म्हणाले. मागं नुसता पाऊस ऐकू येत होता. "थांब."

मी बरं म्हटलं, फोन ठेवला, हेल्मेट चढवलं आणि घाट उतरले.

पुलाच्या अलीकडच्या वळणावर गाडी लावून मी चालत पुढं आले. ओढा दोन्ही काठ सोडून पसरला होता. पूल नव्हताच. जिथं पूल असतो तिथं पाण्याला एक लांब, वाकडी घडी पडली होती आणि तिच्यावरून एक आख्खं झुडूप फिरत फिरत गेलं.

पलीकडं आबा उभे होते. दवाखान्यातला जुना रेनकोट अंगात होता, टोपी मागं पडली होती, डोक्यावरून पाणी ओघळत होतं. कधीपासून उभे होते कुणास ठाऊक. मी बघायला येणार हे त्यांना माहीत होतं. मला बघताच त्यांनी हात वर केला, पंजा माझ्याकडं करून, आणि तो तसाच वर धरून ठेवला.

मी त्या हाताकडं बघितलं. मग पुलाची कड जिथं असायला हवी तिथं बघितलं.

गवत कुठंच दिसत नव्हतं. म्हणून मी थांबले.